मण्यारीचे पट्टे कोठून सुरू होतात?

मुलुंडच्या पश्चिमेला आमच्या वसाहतीमागे डोंगर आहे. डोंगर ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान लागते. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत खाली येतात. मग कोणाच्या जिन्यात, तर कोणाच्या न्हाणीघरात त्यांची भेट होते. आमच्याकडे याची कोणी बातमी करीत नाही. पण प्रत्येक वेळी धावपळ होते, आणि पुष्कळदा एक निरुपद्रवी साप काठीखाली जातो.

म्हणून आमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाने ठरवले, की 'आपल्या परिसरातील साप' असा एक तक्ता करायचा आणि तो आसपासच्या इमारतींत सूचनाफलकाशेजारी लावायचा. चित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले. तुम्ही विचाराल, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा सापांशी काय संबंध? संबंध एवढाच, की फळ्यावर मी किरणाकृती फूटपट्टीशिवाय सरळ काढते, आणि तेवढ्यावरून माझा हात चित्रकलेचा आहे असा मंडळाचा समज झाला होता. मीही तो दूर केला नाही. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चार विषारी, आणि त्यांच्याशेजारी धामण, दिवड, नानेटी व कवड्या हे चार बिनविषारी, अशी आठ चित्रे मी आठ संध्याकाळी काढली. तक्ता देखणा झाला. सर्वांनी वाखाणला.

ही गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. एका शनिवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा धापा टाकीत आला. "काकू, आमच्या बाथरूममध्ये साप आहे. पट्टेवाला. पट्टे अगदी मानेपासून आहेत. तुमच्या तक्त्यात मण्यारीचे पट्टे मानेपासूनच आहेत. म्हणजे मण्यारच ना?" मी खाली पोहोचेपर्यंत रखवालदार काठी घेऊन दारात उभा होता. सुदैवाने कोणीतरी आधीच सर्पमित्राला दूरध्वनी केला होता. तो आला, दारातूनच त्याने विजेरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "कवड्या आहे. काठी ठेवा खाली." दोन मिनिटांत साप पिशवीत गेला. जाता जाता तो तक्त्यासमोर थांबला, थोडा वेळ पाहत राहिला आणि त्याने विचारले, "ही मण्यार कोणी काढली?"

मी काढली होती.

मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे बारीक असतात आणि बहुधा जोडीजोडीने येतात. मोठ्या मण्यारीत मानेजवळ ते नसतातच, किंवा पुसट ठिपक्यांसारखे असतात. शेपटीकडे जावे तसे ते ठळक होत जातात. कवड्याचे नेमके उलटे असते. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. शिवाय मण्यारीच्या पाठीवरची मधली खवल्यांची रांग मोठ्या, षट्कोनी खवल्यांची असते. माझ्या तक्त्यात दोघांनाही डोक्यापासून शेपटीपर्यंत सारख्याच अंतरावर पट्टे होते. फरक फक्त रंगाचा, एक काळा आणि एक तपकिरी. न्हाणीघरातल्या मिणमिणत्या उजेडात काळा आणि तपकिरी यांत काय फरक कळणार?

चूक झाली कशी? मी एका छायाचित्रावरून मण्यार काढली होती. त्यात तिने वेटोळे घातले होते, मान वेटोळ्याखाली झाकली गेली होती. जे दिसत नव्हते ते मी सुबक दिसावे म्हणून स्वतःच्या मनाने भरले. त्या दिवशी चुकीमुळे फार तर एक कवड्या मेला असता. पण चूक दोन्ही बाजूंनी चालते. मानेजवळ पट्टे नसलेली खरी मण्यार पाहून, तक्त्यावर भरवसा ठेवून, एखाद्याने 'ही मण्यार नव्हे' असे म्हटले असते तर? मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा तो दंश दुखतही नाही.

येथे एक गोष्ट सांगून ठेवते. असा तक्ता साप ओळखून त्याला हात लावण्यासाठी नसतो. साप दिसला की लांब उभे राहायचे आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवायचे. दंश झाला तर तक्त्यासमोर उभे राहू नका, सापाला शोधू नका, सरळ रुग्णालय गाठा. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारही सापांच्या विषावर एकत्रित चालते.

कॅमेरा असताना चित्र कशाला?

तक्ता उतरवला तेव्हा मंडळातले विद्यार्थी म्हणाले, "मॅडम, आता छायाचित्रेच लावू या. कॅमेरा खोटे बोलत नाही." प्रश्न रास्त होता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही वनस्पतींची आणि प्राण्यांची ओळख करून देणाऱ्या ग्रंथांत आजही हाताने काढलेली चित्रे असतात. याचे कारण शोधताना मी माझ्याच विषयात येऊन पोहोचले.

समजा, एक फूल कॅमेऱ्याच्या संवेदकावर जेवढ्यास तेवढे उमटवायचे आहे, म्हणजे वर्धन १. अशा वेळी किती खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येईल? त्यासाठी एक सोपे सूत्र आहे: दोन गुणिले छिद्राचा क्रमांक, गुणिले चालू शकेल एवढी अंधुकता, गुणिले (१ + वर्धन), भागिले वर्धनाचा वर्ग. ३५ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यासाठी चालण्याजोगी अंधुकता ०.०३ मि.मी. धरतात. छिद्र १६ क्रमांकावर ठेवले तर उत्तर येते २ × १६ × ०.०३ × २, म्हणजे १.९२ मि.मी. दोन मिलिमीटरसुद्धा नाही! पुंकेसर स्पष्ट आले तर पाकळीची कड धूसर, आणि कड स्पष्ट आली तर पुंकेसर धूसर. छिद्र आणखी लहान करावे, तर प्रकाशाचे विवर्तन आड येते आणि सगळेच चित्र मऊ पडते. हा कॅमेऱ्याच्या किमतीचा प्रश्न नाही, प्रकाशाच्या स्वभावाचा आहे. अलीकडे यावर तोड निघाली आहे. एकाच वस्तूची वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित केलेली पन्नास-शंभर छायाचित्रे घेतात, आणि संगणक त्यांतला स्पष्ट भाग तेवढा निवडून एकत्र जोडतो. चित्रकार शेकडो वर्षे हेच करीत आला. तो पाकळी पाहतो, काढतो. मग डोळा पुंकेसरावर नेतो आणि तो काढतो. स्पष्ट भाग निवडून जोडण्याचे काम त्याचा मेंदू करतो.

पण खोलीपेक्षाही अवघड गोष्ट आहे ती काळाची. कारवीचेच पाहा. राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर हे झुडूप दाट माजलेले असते. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा. ते आठ वर्षांनी एकदाच फुलते, आणि परिसरातली बहुतेक झुडपे एकदमच फुलतात. बोरिवलीच्या या रानात ती २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी फुलली. जांभळी फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात, बोंडे वाळून पुढच्या उन्हाळ्यात तडकतात आणि बी दूर उडवतात, झुडूप मरते, पावसाबरोबर नवी रोपे उगवतात. छायाचित्र यांतला कोणता तरी एकच क्षण देईल. वनस्पतिचित्रकार मात्र एकाच पानावर कळी, फूल, उभे कापलेले फूल, बोंड, बी आणि रोप मांडतो. निसर्गात ही सर्व एकत्र कधीच दिसत नाहीत. तरी ते चित्र खोटे नाही, उलट एकेका छायाचित्रापेक्षा अधिक खरे आहे.

(जाता जाता: उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवरच्या वारली मंडळींच्या घरांना याच कारवीच्या कुडाच्या भिंती असत. त्या शेणामातीने सारवून त्यांवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढीत. म्हणजे कारवी हा चित्राचा विषय असण्यापूर्वीच चित्राचा फलक होती.)

आपल्याकडची या कामाची परंपराही लहान नाही. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला 'हॉर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीनमध्ये राहणारे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा छापला आहे. चित्रांवरही इतर लिप्यांबरोबर नागरी लिपीत झाडांची नावे आढळतात.

आणखी जवळचे उदाहरण पुण्याशेजारच्या दापोडीचे. तेथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती आणि १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख होते. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षकही झाले. जंगलतोडीने पाण्यावर आणि शेतीवर काय परिणाम होतील, हे सरकारला सतत बजावणाऱ्यांपैकी ते एक होते. त्यांनी १८४७ ते १८५० या दरम्यान बागेतल्या झाडांची सुमारे १७० रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिबागेत जपून ठेवली आहेत, आणि २००२ मध्ये त्यांवर एक सुंदर ग्रंथही निघाला. चित्रे काढणारा इंडो-पोर्तुगीज होता एवढेच कळते. त्याचे नाव कोणी नोंदवलेले नाही. झाडाचे लॅटिन नाव काळजीपूर्वक लिहिले. ज्याने ते झाड पानापानाने पाहिले त्याचे नाव मात्र लिहायचे राहून गेले. मला याची चुटपुट लागते.

काचेची युक्ती आणि रेम्ब्रांटची चूक

आता तुम्हाला घरी करता येईल असा प्रयोग सांगते. टेबलावर पारदर्शक प्लास्टिकचा किंवा पातळ काचेचा तुकडा पुस्तकांच्या आधाराने अगदी उभा ठेवा. डाव्या बाजूला एखादे पान ठेवा आणि त्यावर दिव्याचा उजेड पाडा. उजव्या बाजूला कोरा कागद ठेवा. तेथे उजेड कमी असू द्या. आता डाव्या बाजूनेच, काचेतून आरपार कागदाकडे पाहा. पानाची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दिसेल. पेन्सिल घेऊन हात काचेमागे न्या आणि कड गिरवा. सपाट आरशातली प्रतिमा वस्तूइतकीच मोठी असते आणि आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते, हे तुम्ही दहावीत पाठ करता. ते येथे कामाला येते: चित्र आपोआप मूळ आकाराचे होते. काच थोडाच प्रकाश परावर्तित करते, म्हणून पानावर दिवा हवा.

माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार आवडला. पिंपळ, जास्वंद, आंबा अशी पानेच पाने जमली. मग एकाने पावसाळ्यात आमच्या भिंतींवर चढणाऱ्या त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचा रिकामा शंख आणला. चित्र उत्तम साधले. पण शंख उलटा निघाला! गोगलगायीच्या शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले, तर या जातीत तोंड उजवीकडे येते. चित्रात ते डावीकडे होते. अर्थात, एका परावर्तनाने उजव्याचे डावे होते. पानाच्या बाबतीत ते कळले नव्हते, कारण पान जवळजवळ सममित असते. शंख तसा नाही. डाव्या वळणाचे शंख निसर्गात आहेत, पण बहुतेक जातींत ते अपवादाने सापडतात. म्हणजे नुसते उलटे चित्र काढून आम्ही एका सामान्य प्राण्याला दुर्मीळ करून टाकले होते.

यात लाज वाटण्याचे कारण नाही. रेम्ब्रांटसारख्या थोर चित्रकाराने १६५० मध्ये एका शंकूच्या आकाराच्या शंखाचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले. पत्र्यावरून छाप उमटताना उजव्याचे डावे होते. त्यामुळे छापलेला शंख डाव्या वळणाचा झाला. गंमत अशी, की स्वतःची सही मात्र त्याने पत्र्यावर उलटी कोरली होती आणि ती छापात सुलट आली. सहीची काळजी घेतली, शंखाची राहिली.

यावर उपाय काय? चित्र ट्रेसिंग कागदावर काढायचे आणि कागद पालथा करून पाहायचे. एका उलटण्यावर दुसरे उलटणे चढले की सुलट. विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये पेटंट घेतलेल्या 'कॅमेरा ल्युसिडा' या उपकरणात हीच युक्ती काचेच्या एका लोलकात बसवली आहे. हा लोलक चौकोनी असून त्याचे कोन ९०, ६७.५, १३५ आणि ६७.५ अंशांचे आहेत. समोरून आलेला किरण आत शिरल्यावर पहिल्या तिरक्या पृष्ठावर ६७.५ अंशांनी आदळतो. काचेचा सीमांत कोन ४२ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि किरण ४५ अंशांनी वळतो. पुढच्या पृष्ठावर पुन्हा तसेच. दोन वेळा ४५ मिळून ९०: समोरचा देखावा खाली कागदावर दिसतो, आणि दोन परावर्तनांमुळे उजवे उजवेच राहते. आकृती काढून कोन स्वतः ताडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे आणि शिक्षकांना वर्गात घेण्याजोगे आहे. पुढे सूक्ष्मदर्शकावर असे उपकरण बसवून कीटकांचे पाय आणि परागकण काढण्याची पद्धत रूढ झाली.

प्रमाणाबद्दलही एक सूचना. चित्राखाली 'दुप्पट आकार' असे लिहू नका. छापताना चित्र लहान झाले, किंवा कोणी ते फोनच्या पडद्यावर मोठे केले, की ते विधान तत्काळ खोटे ठरते. त्याऐवजी चित्रातच एक लहान रेघ ओढा आणि तिच्यावर '१ सें.मी.' लिहा. चित्र ताणले तर रेघही तितकीच ताणली जाते.

रंगाचे प्रकरण मोठे आहे, येथे थोडक्यात आटोपते. आमच्या गटारकाठच्या तारेवर बसणारा खंड्या घ्या. त्याच्या पाठीचा निळा हा निळ्या रंगद्रव्याचा नसतो. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेवरून निळा प्रकाश विशेष करून परत फिरतो, म्हणून ते निळे दिसते. पिसामागून उजेड आला तर निळाई हरपते. चित्रकाराजवळ मात्र डबीतला निळा रंग असतो, आणि त्याचे निळेपण अगदी वेगळ्या कारणाने येते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो याचा गुलाबी रंग तर त्याच्या खाण्यातून पिसांत उतरतो आणि संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यात फिका पडत जातो. नुसत्या नमुन्यावरून काढले तर पक्षी पांढुरका होईल. म्हणून पक्ष्यांचे चित्रकार रानात जिवंत पक्षी पाहून चोच, पाय आणि डोळे यांच्या रंगांच्या नोंदी लिहून ठेवतात. सालिम अलींचे १९४१ चे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' घरोघर पोहोचले त्यात रंगीत चित्रांचा वाटा मोठा होता. अलीकडच्या काळात, १९९८ मध्ये निघालेल्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या मोठ्या ग्रंथात गोव्याचे कार्ल डि'सिल्वा हे एक चित्रकार होते. २०१५ मध्ये ते गेले.

बाण कोणाकडे?

एकटा साप किंवा एकटे फूल काढणे तुलनेने सोपे. खरी परीक्षा परिसंस्थेच्या चित्रात होते, कारण तेथे न दिसणारी गोष्ट काढायची असते: कोण कोणावर जगतो.

आमचे मंडळ ठाणे खाडीचे चित्र करायला बसले. ही खाडी मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर यांच्या पूर्वेला लागूनच आहे. तिचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. विद्यार्थ्यांनी सुंदर खारफुटी काढली, कमानीसारख्या मुळांवर उभी असलेली. मी त्यांना भरती उतरल्यावर खाडीकाठी नेले आणि विचारले, "दाखवा तुमच्या कमानी." कमानी कोठेच नव्हत्या. होत्या त्या चिखलातून वर आलेल्या, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा हजारो उभ्या मुळ्या. कमानीची मुळे कांदळाची. आमच्या खाडीत मुख्यतः तिवर आहे, आणि तिवराची श्वसनमुळे अशी सरळ वर येतात. विद्यार्थ्यांनी परदेशी पुस्तकातली खारफुटी उतरवली होती. मला माझी मण्यार आठवली.

मग बाणांचा प्रश्न आला. निम्म्या मुलांनी बगळ्याकडून निवटीकडे बाण काढला: बगळा निवटीला खातो म्हणून. उरलेल्यांनी उलटा काढला. वाद चांगला रंगला. अन्नजाळ्यातला बाण 'कोण कोणाला पकडतो' हे दाखवत नाही. ऊर्जा कोठून कोठे जाते हे दाखवतो. म्हणून तो निवटीकडून बगळ्याकडे. शेवाळाकडून धाकट्या रोहिताकडे. तिवराच्या गळलेल्या पानाकडून जीवाणू-बुरशीकडे आणि खेकड्याकडे. आणि सर्वांच्या आधी, सूर्याकडून हिरव्या पानाकडे. हा पहिला बाण बहुतेक तक्त्यांत काढायचाच राहतो.

बाणाला दिशेबरोबर जाडीही देता येते. कॅप्टन मॅथ्यू सँकी या अभियंत्याने १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कोठे कोठे जाते हे दाखवण्यासाठी जेवढी ऊर्जा तेवढा जाड बाण काढला होता. तीच रीत येथे लावू. रेमंड लिंडमन याने १९४२ मध्ये मांडलेल्या विचारांवरून एक ढोबळ नियम रूढ झाला: एका पायरीवरच्या ऊर्जेपैकी सुमारे दहावा भाग पुढच्या पायरीवर पोहोचतो, बाकीची श्वसनात, उष्णतेत आणि न खाल्लेल्या भागात राहते. हिरव्या वनस्पतींचा बाण १०० मि.मी. जाड काढला, तर त्या खाणाऱ्यांकडून पुढे जाणारा १० मि.मी., त्यानंतरचा १ मि.मी. आणि त्यापुढचा ०.१ मि.मी. आमच्याजवळच्या सर्वांत बारीक पेनाची रेघ तेवढीच होती! मोठ्या शिकारी प्राण्यांची संख्या थोडी का, हे एका मुलीला त्या पेनाने कळले. वर्गात मी ते अनेकदा शब्दांनी सांगून पाहिले होते.

दुसरे चित्र आम्हाला एका शाळेने भिंतीवर काढायला सांगितले. विषय 'आपले जंगल'. पाठ्यपुस्तकातली साखळी ठरलेली: गवत, हरीण, वाघ. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात मोकळा फिरणारा मोठा शिकारी वाघ नाही, बिबट्या आहे. तो चितळ खातो, सांबर खातो. आणि त्याच्या विष्ठेच्या अभ्यासातून दिसले आहे, की रानाच्या कडेला भटक्या कुत्र्यांचाही त्याच्या आहारात मोठा वाटा आहे. कुत्री कशावर जगतात? आपण टाकलेल्या उष्ट्यावर. म्हणून मुलांनी बिबट्याच्या शेजारी कुत्रा आणि कुत्र्याच्या शेजारी ओसंडून वाहणारी कचराकुंडी काढली, आणि कुंडीकडून कुत्र्याकडे, कुत्र्याकडून बिबट्याकडे असे दोन ठसठशीत बाण. शाळेतल्या एका शिक्षकांना कुंडी खटकली. निसर्गचित्रात घाण कशाला, असे त्यांचे म्हणणे. मुलांनी त्यांना २००४ सालची हकिगत सांगितली. त्या वर्षी या उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली होती. दुसरीकडे पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हे त्याचे एक कारण असल्याचे अभ्यासकांनी मांडले. कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री बिबट्याला वस्तीकडे ओढतात हेही सांगितले. २०११ पासून वनखात्याने नागरिकांना बरोबर घेऊन हीच गोष्ट वस्त्यावस्त्यांत समजावली. शिक्षकांनी ऐकून घेतले. कुंडी भिंतीवर राहिली. तिच्यावर हिरवे झाकण काढावे एवढी त्यांची सूचना होती. मुलांनी झाकण काढले, पण उघडे.

सापांचा तक्ता आम्ही पुन्हा केला. या वेळी मण्यार वेटोळ्यात नाही, लांब पसरलेली आहे, म्हणजे मान झाकली जाणार नाही. मानेजवळचा भाग मी कोरा काळा ठेवला आणि शेजारी पाठीवरच्या षट्कोनी खवल्यांचा मोठा करून काढलेला तुकडा जोडला, खाली एक सेंटिमीटरची रेघ ओढून. छापण्यापूर्वी तो त्या सर्पमित्राला दाखवला. त्याने कवड्याचे डोके जरा चपटे करायला सांगितले. ते केले.

दुसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा आता चित्रे काढतो. २०२४ मध्ये वनखात्याच्या परवानगीने आम्ही कारवी पाहायला गेलो तेव्हा तो बरोबर होता. फूल तोडायचे नव्हते. तो वाटेच्या कडेला उकिडवा बसून तासभर पाहत होता. त्याच्या वहीत कारवीच्या पानावर सहा चौकटी आहेत. कळी आणि फूल त्या दिवशी भरले. बोंड आणि बी पुढच्या उन्हाळ्यात, रोप त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. सहावी चौकट रिकामी आहे. ती पुन्हा फुलाचीच आहे, आणि खाली पेन्सिलीने २०३२ लिहिले आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा असेल.